तिळाएवढ्या भुंगेऱ्याचं बारसं

रोव्ह बीटल म्हणजे आखूड कवचपंखांचे भुंगेरे. उघडं पोट वर उचलून पळतात, म्हणून पाहणाऱ्याला विंचवाचं पिल्लू वाटतं. पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येणारा आणि अंगावर चिरडला की कातडी भाजून काढणारा ‘पेडेरस’ याच कुळातला. (बाकीचे बहुतेक बिचारे निरुपद्रवी.) जगात ६०,०००हून अधिक जाती नोंदल्या आहेत. पालापाचोळ्यातले कित्येक तर दोन मिलिमीटरही भरत नाहीत.

एवढ्याशा जिवाची जात नवी, हे ठरवायचं कसं? रंग-आकार फसवतात. खरी भिस्त नराच्या जननेंद्रियावर, कारण त्याची घडण सहसा जातीगणिक निराळी. पोटाचं टोक अल्कलीत मऊ करायचं, बारीक सुईने तो अवयव सोडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्याचं चित्र काढायचं. हात थरथरला की संपलं! मग जुन्या नोंदींशी ताळा. भारतापुरते माल्कम कॅमरन या नौदलातल्या डॉक्टरचे १९३० ते १९३९ मधले खंड आजही उघडावे लागतात.

आता याला डीएनएचीही जोड मिळाली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं केंद्र आहे, कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांच्या नावाचं. एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखण्याची ही पद्धत त्यांनी २००३मध्ये मांडली. अळी कोणाची, मादी कोणाची, हे कोडं ती सोडवते. नावासाठी मात्र रीतसर प्रसिद्ध झालेलं वर्णन हवंच, आणि संग्रहालयात टाचणीवर जपलेला एक नमुनाही: होलोटाइप.