पळसदरीवरून विलायतेला

खोपोलीची लोकल पळसदरी सोडते तेव्हा डबा बराचसा रिकामा झालेला असतो. मोठी लाइन ठाकूरवाडीच्या दिशेनं घाट चढायला लागते आणि आपली गाडी केळवली, डोळवली, लौजी करत सपाटीवरून खोपोलीला जाते. नवख्याला वाटतं, हा फाटा मागाहून जोडलेला असणार. खरं म्हणजे घाटाची लाइन मागाहून आली. १८५६ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी खोपोलीलाच संपायची. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला डोंगर तसाच होता. तो पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी ओलांडायचा, १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमनं खुल्या केलेल्या रस्त्यानं. बोरघाटातून गाडी धावली ती १८६३ मध्ये. तोवर पुण्याचा माणूस मुंबईला जायचा म्हणजे खंडाळ्याला उतरून खोपोलीत पुन्हा चढायचा.

हे आठवायचं कारण शेजारची एक मुलगी. इकडच्या पोरांच्या तोंडी हल्ली ‘समर स्कूल’ हा शब्द फार येतो. ही कॉलेजात आहे, इंग्लंडात तीन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम करून पुढे थोडं फिरावं असा तिचा बेत आहे. एका संध्याकाळी वही घेऊन आली. “काका, अभ्यासाचं माझं मी बघते. पण तिकडं बघायचं काय, ते सांगा.” मी विलायत पाहिलेली नाही. पण पाहून आलेल्यांचं वाचलं पुष्कळ आहे, आणि पुण्याहून बोट पकडायला निघालेल्यांची वाट १८६३ नंतर आमच्याच बोगद्यांतून गेली.

सुरुवात त्या बोगद्यांपासूनच केली. साधारण १५ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि सगळ्यात कठीण जागी ३७ फुटांना एक फूट अशी चढण. आखणी मुख्य अभियंता जेम्स बर्कलेची. पहिल्या कंत्राटदाराचं काम फिसकटलं. नवं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि काही आठवड्यांतच आजारपणानं गेला. मग कंत्राट त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, आपल्या नावावर घेतलं आणि दोन अनुभवी अभियंते हाताशी धरून काम तडीस नेलं. घाटाच्या बांधकामाची छायाचित्रंही तिनं काढली. १८६१ मध्ये घाटात ४२,००० पर्यंत मजूर राबत होते. पटकीनं त्यातले किती गेले याच्या पाट्या कुठल्याही बोगद्यावर नाहीत. पुढे साठ-पासष्ट वर्षं गाडी घाटात मध्येच थांबून उलट्या दिशेनं निघायची. विजेची गाडी आली तेव्हा, १९२९ च्या सुमारास, ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ सुटलं. म्हणजे विलायतेला निघालेल्या मराठी विद्यार्थ्याला विलायती करामतीचं पहिलं दर्शन बोट सुटण्याआधी, कर्जतच्या डोक्यावर घडायचं. तेही आपल्याच माणसांनी फोडलेल्या खडकातून.

त्या वाटेच्या पलीकडचा एक उन्हाळा पंडिता रमाबाईंचा. पंचवीस वर्षांची विधवा, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, सोबत आनंदीबाई भगत. पुण्यात आर्य महिला समाज काढून झाला होता, शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे साक्ष झाली होती. भाड्यासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून पैसे उभे केले आणि २० एप्रिल १८८३ ला मुंबईहून बोट धरली. मेच्या मध्यावर इंग्लंड. जायचं होतं वैद्यकी शिकायला. राहिल्या वाँटेजला, सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात. तिथून सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेलं लांबलचक पत्र त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून मुंबईत छापलं गेलं. मराठी बाईनं लिहिलेलं इतकं जुनं विलायतेचं प्रवासवर्णन माझ्या वाचनात दुसरं नाही.

पण हा उन्हाळा सहलीचा नव्हता. त्याच वर्षी वाँटेजमध्ये आनंदीबाईंनी स्वतःचा जीव घेतला. सप्टेंबरच्या शेवटी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात काहूर माजलं. कानांनी साथ सोडली, वैद्यकी राहिली. पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या छत्राखाली त्या शिकल्याही आणि संस्कृत शिकवलंही. धर्मांतराच्या वादात आपण त्यांचं विद्यार्थीपण विसरून गेलो, असं मला नेहमी वाटतं. इतक्या उलथापालथीतही ही बाई जे दिसतंय ते मराठीत लिहून घरी पाठवत होती.

मुलीनं विचारलं, “पण मग उन्हाळ्यात कॉलेजं बंद नसायची?” तिथंच तर खरी मेख आहे. ऑक्सफर्डचं वर्ष तीन सत्रांचं, एकेक सत्र आठ आठवड्यांचं. म्हणजे वर्षातले चोवीस आठवडे वर्ग, बाकी सुट्ट्या, आणि त्यात जून ते ऑक्टोबर ही सगळ्यात मोठी. केंब्रिजचंही जवळपास तसंच. या सुट्टीला ते आराम समजत नसत. पुस्तकं बांधून खेड्यात किंवा समुद्रकाठी जायचं, सकाळी वाचायचं, दुपारी मैलोन्‌मैल चालायचं. परदेशी विद्यार्थ्याला दर सुट्टीत घरी येणं परवडायचं नाही. त्यामुळे हे महिने कसे घालवायचे यावरच त्याचं निम्मं शिक्षण ठरायचं.

या सुट्टीचं सोनं विठ्ठल रामजी शिंद्यांनी केलं. जमखिंडीचा हा मुलगा फर्ग्युसनातून १८९८ मध्ये बी.ए. झाला, प्रार्थना समाजात आला आणि युनिटेरियन या एकेश्वरी ख्रिस्ती पंथाच्या ब्रिटिश संस्थेच्या मदतीनं १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात पोचला. नाव मँचेस्टर, गाव ऑक्सफर्ड. हा घोटाळा आजही होतो, तिथं जाणाऱ्यानं लक्षात ठेवावा. संस्था १७८६ मध्ये मँचेस्टरला निघाली आणि फिरत फिरत १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आली. आता तिचं नाव हॅरिस मँचेस्टर कॉलेज. तिथल्या प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचा बर्न-जोन्सच्या चित्रांवरून विल्यम मॉरिसच्या कारखान्यात घडल्या. मुलीच्या वहीत ही जागा मी पहिली लिहायला लावली.

प्राचार्य जेम्स ड्रमंड आणि तौलनिक धर्मशास्त्राचे एस्टलिन कार्पेंटर हे शिंद्यांचे गुरू. पण शिंदे वर्गापुरते थांबले नाहीत. सुट्ट्यांत हिंडले, रोजनिशी लिहिली, ‘सुबोध पत्रिके’ला पत्रं पाठवली. मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमध्ये युनिटेरियन मंडळी काम कसं चालवतात, हेही त्यांनी पाहून घेतलं. राजवाडे आणि चर्चं पाहणारे आपल्याकडे पुष्कळ झाले, पण विलायतेची गलिच्छ वस्ती ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून पाहणारा हा एक वेगळाच प्रवासी. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेला हजेरी लावून ते परतले. १८ ऑक्टोबर १९०६ ला मुंबईत परळला अस्पृश्य मुलांची शाळा सुरू झाली आणि तिच्यातून डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं राहिलं. ऑक्सफर्ड आणि हे मिशन यांत सरळ रेषा ओढायचा मोह मी आवरतो. अस्पृश्यतेचं दुःख शिंद्यांना ऑक्सफर्डनं शिकवलेलं नाही. संस्था चालवायची रीत मात्र त्यांनी तिकडे डोळ्यांनी पाहिली होती.

आमच्या रायगड जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख याच वळणाचे. महाडजवळच्या नाते गावचा जन्म, रोह्याचं घर, १९१२ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्रासाठी फ्रँक स्मार्ट पारितोषिक आणि १९१८ मध्ये आय.सी.एस.ला पहिला नंबर. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. लोक त्यांना नोटेवरच्या सहीमुळे ओळखतात. मला त्यांचं वनस्पतिशास्त्र जास्त जवळचं वाटतं. इंग्लंडात झाडोऱ्याला खरा बहर उन्हाळ्याच्या चार महिन्यांतच, तेव्हा रानात भटकणं हाच अभ्यास. कोकणच्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागलं नसणार.

यानंतर मुलीनं वहीत आधीच लिहून आणलेलं एक नाव दाखवलं: १० किंग हेन्रीज रोड, लंडन. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथं राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेऊन स्मारक केलं. राहत्या वस्तीत संग्रहालय नको म्हणून स्थानिक पातळीवर परवानगी अडली, चौकशी झाली, आणि २०२० मध्ये मंजुरी मिळाली. आज लंडनला गेलेलं कितीतरी मराठी पोर बकिंगहॅम पॅलेसच्या आधी तिथं जातं.

बाबासाहेबांच्या लंडनमध्ये प्रेक्षणीय असं काही शोधू नये, हे मी तिला सांगितलं. पहिल्यांदा ते १९१६ मध्ये गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ मध्ये अर्ध्यावर परतले. पुढे पाठवलेलं सामान, त्यातली पुस्तकं, युद्धात बुडालेल्या बोटीबरोबर समुद्रात गेली. १९२० च्या उन्हाळ्यात पुन्हा निघाले ते शाहू महाराजांच्या मदतीवर, नवल भथेना या पारशी मित्राच्या उसनवारीवर आणि स्वतःच्या साठवणीवर. मग ब्रिटिश म्युझियमचं गोल छताचं वाचनालय, इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, विद्यापीठाचं ग्रंथालय. अर्धपोटी राहून दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसायचे. लंडनच्या जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, तो बहुतेक त्यांनी वाचनालयाच्या पायऱ्या उतरतानाच पाहिला असेल. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ छापून बाहेर. आणि चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, आमच्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर.

तेव्हाच्या आणि आताच्या उन्हाळ्यात फरक आहेच. हल्ली सहा महिन्यांच्या आतला अभ्यासक्रम असेल तर साध्या व्हिजिटर व्हिसावरही शिकता येतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्था १९८९ पासून उन्हाळी वर्ग चालवतात. तरुणांना रेल्वेचं कार्ड काढलं की तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, ब्रिटिश म्युझियमला तर प्रवेशच फुकट. महाग पडतं ते राहणं आणि फी. हा खर्च करून तीन आठवड्यांत जे मिळतं त्याला पदवी समजू नये, एवढं स्पष्ट बोललो. तिला ते फारसं आवडलं नाही.

आंबेडकर जिथं बसत ते इंडिया ऑफिसचं ग्रंथालय १९८२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत सामील झालं. म्युझियममधली पुस्तकंही नव्वदच्या दशकाच्या शेवटी सेंट पँक्रसच्या नव्या लाल विटांच्या इमारतीत गेली. ईस्ट इंडिया कंपनीपासूनचे मुंबई इलाख्याचे कागद तिथंच आहेत, रेल्वेचे, घाटाचे, रस्त्यांचेसुद्धा. तेव्हा टॉवर ब्रिजवरचा एक दिवस कापून तिथं घालव, असं मी म्हटलं. बघायला ठेवलेलं इंग्लंड सगळेच बघतात. कपाटात ठेवलेलं आपलं खालापूर कोणी मागितल्याशिवाय बाहेर काढत नाही.

तिनं विचारलं, आत कसं जायचं. वाचकाचा पास काढावा लागतो, त्याला ओळखपत्र आणि घरच्या पत्त्याचा पुरावा लागतो, हे मी सांगितलं. “तालुका खालापूर, जिल्हा रायगड, चालेल?” चालायला हरकत नसावी, असं म्हणालो. आणि शोधताना खोपोली म्हणून शोधू नको, इंग्रजांच्या जुन्या कागदांत ती ‘कॅम्पूली’ आहे, हेही वहीत लिहून दिलं.