मुका मार

2 जुलै 2019. मध्यरात्र उलटून गेली होती आणि मुंबईवर पाऊस कोसळत होता. सांताक्रूझला त्या 24 तासांत 375 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मालाड पूर्वेला, कुरारच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत पाण्याच्या लोंढ्यासह खालच्या झोपड्यांवर पडली. 30हून अधिक माणसे दगावली. जखमींना कांदिवलीचे शताब्दी, जुहूचे कूपर, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर अशा रुग्णालयांत हलवावे लागले. पुढे 9 जून 2021च्या रात्री मालवणीत इमारत कोसळली. तिथे मृतांत निम्म्याहून अधिक मुले होती.

अशा वेळी पहिले हात शेजाऱ्यांचे असतात. अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वस्तीतली पोरेच ढिगारा उपसतात. त्यांचे लक्ष साहजिकच रक्ताने माखलेल्या, ओरडणाऱ्या माणसाकडे जाते. कडेला गप्प बसलेला, ‘मला काही झालं नाही, आधी त्याला बघा’ म्हणणारा मागे राहतो. डोके, छाती आणि पोटाला बसलेला मुका मार नेमका इथेच फसवतो. वरून खरचटल्याचीही खूण नसते आणि आत रक्त साचत असते. म्हणून एकदा पाहून भागत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे लागते.

क्रिकेटपटू रमण लांबा यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी 1998मध्ये ढाक्यात क्लबचा सामना सुरू असताना ते फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षणाला उभे होते. चेंडू डोक्याला लागला. ते उठले, स्वतःच्या पायांनी तंबूत गेले. थोड्याच वेळात प्रकृती ढासळली. शस्त्रक्रिया झाली, पण तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने धमनी जाते. ती फुटली की कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साठू लागते. रुग्ण क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरच्यांशी बोलतो. दाब वाढत गेला की मात्र काही तासांत गुंगी चढते. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, तोच प्रश्न परत परत विचारणे, एक हात लुळा पडणे, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, झटका येणे, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणे, कानामागे काळेनिळे होणे: यातले एकही लक्षण दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नये. ‘झोपू दे त्याला, थकलाय’ हे वाक्य अशा रात्री फार महागात पडते.

छातीचे दुखणे श्वासातून कळते. जखमीला एक सरळ वाक्य बोलायला सांगावे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर ते गंभीर. मग सदरा वर करून छाती नीट पाहावी. लागोपाठच्या बरगड्या दोन-दोन जागी मोडल्या असतील तर श्वास घेताना बाकीची छाती फुगते आणि तेवढाच तुकडा आत ओढला जातो. एक बाजू हलतच नसेल, ओठ निळसर पडले असतील, मानेच्या शिरा फुगल्या असतील, तर फुफ्फुसाभोवती हवा कोंडलेली असण्याची शक्यता असते आणि मग मिनिटांचा हिशेब असतो. छातीत सळई घुसली असेल तर ती उपसू नये. तिनेच रक्त अडवून धरलेले असू शकते.

पोट सगळ्यांत लबाड. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा आणि उजवीकडे यकृत हे दोन्ही अवयव रक्ताने भरलेले असतात. स्कूटरचा किंवा लहान मुलाच्या सायकलचा हँडल पोटात घुसतो, कातडीवर जेमतेम एक वळ दिसतो आणि आत प्लीहा फाटलेली असते. अशा वेळी डावा खांदा दुखू शकतो, खांद्याला काहीच लागलेले नसताना! मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले दीड लिटरच्या आसपास पोटात सांडेपर्यंत रक्तदाब ठीकही दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये. चेहरा पांढराफटक, हातपाय गार, अंगाला घाम, नाडी जलद, पोट कडक आणि जीव घाबरा, एवढे पुरेसे आहे.

आपल्याकडे माणूस पडला की आधी पाण्याचा पेला पुढे येतो. त्यामागे माया असते, पण शस्त्रक्रिया करावी लागली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते आणि गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. मान आणि पाठ न वळवता, डोके सरळ धरूनच जखमीला हलवावे.

पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती आता बाळगायचे कारण नाही. आधी उपचार, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989मध्येच सरकारी आणि खासगी डॉक्टरांना बजावले आहे. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले असून, नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

तेव्हा 108 लावा, जखमीपाशी थांबा आणि मार लागल्याची वेळ, बेशुद्धी, उलट्या जे दिसले ते लिहून ठेवून डॉक्टरांच्या हातात द्या.