मराठवाड्याच्या उन्हात हायब्रिड गाडी : तापते काय, टिकते काय?

देगलूर : मराठवाड्यात एप्रिलच्या मध्यावर पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात ४२ ते ४४ अंश तापमान ही नेहमीचीच बाब ठरते. अकोल्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ नांदेड, देगलूरमार्गे तेलंगणातील संगारेड्डीकडे जातो. हैदराबादकडे जाणाऱ्या या मार्गावरील वाहनांत आता पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या हायब्रिड गाड्यांचीही भर पडली आहे. साहजिकच खरेदीदारांच्या मनात दोन शंका असतात. एवढ्या उन्हात महागडी बॅटरी टिकेल काय? आणि नेहमीचा गिअरबॉक्स नसलेली ही यंत्रणा लांबच्या प्रवासात दगा तर देणार नाही ना?

थोडक्यात उत्तर असे, की गिअरबॉक्सची चिंता फारशी करण्याचे कारण नाही. बॅटरीची मात्र काळजी घ्यावी लागते आणि ती बऱ्याच अंशी वाहनधारकाच्याच हाती असते.

हायब्रिड म्हणजे नेमके काय?

बाजारात 'हायब्रिड' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या प्रकारच्या गाड्या विकल्या जातात. 'माइल्ड' प्रकारात इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक छोटा जनित्र-स्टार्टर आणि लहानशी बॅटरी असते. ही गाडी केवळ विजेवर धावू शकत नाही. तिचा गिअरबॉक्सही इतर गाड्यांसारखाच, मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक असतो. 'स्ट्राँग' प्रकारात मात्र मोटर एकटी गाडी ओढू शकते. मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस आणि होंडाची सिटी ई-एचईव्ही या २०२२ मध्ये भारतात सादर झालेल्या मोटारींचे स्ट्राँग हायब्रिड प्रकार याच गटातील आहेत. उन्हाचा प्रश्न प्रामुख्याने या गटाचा आहे.

बॅटरीला ऊन का सोसत नाही?

बॅटरी ही मुळात एक रासायनिक भट्टी आहे. तापमान दहा अंशांनी वाढले, की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. बॅटरीत वीज देणाऱ्या क्रियांबरोबर तिला जीर्ण करणाऱ्या क्रियाही वेग घेतात. लिथियम-आयन सेलमध्ये ऋणाग्रावर साचणारा थर जाड होत जातो आणि वापरात येणारे लिथियम त्यात अडकून पडते. निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये तापमान वाढल्यावर चार्जिंगच्या विजेचा काही भाग प्राणवायू तयार होण्यात खर्ची पडतो. परिणामी बॅटरी कमी भरते आणि जास्त तापते. इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड, तर ग्रँड विटारा व हायरायडरमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे. दोन्ही प्रकारांना माणसाला सुखावह वाटणारे तापमानच मानवते.

हायब्रिडची बॅटरी आकाराने फार लहान असते. ग्रँड विटाराच्या बॅटरीची क्षमता अवघी ०.७६ किलोवॉट-तास आहे. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या पूर्ण विजेवरील गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे सुमारे चाळीस पट मोठी होती. या एवढ्याशा बॅटरीला ओव्हरटेक करताना मोठा प्रवाह पुरवावा लागतो आणि ब्रेक लावल्यावर तेवढ्याच झटक्यात तो परत घ्यावा लागतो. प्रवाह दुप्पट झाला, की आतली उष्णता चौपट होते. म्हणजे बाहेरून ऊन आणि आतून प्रवाह असा दुहेरी ताप तिला सोसावा लागतो.

यावर उपाय म्हणून गाडीचा संगणक बॅटरी कधीच पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान तिला खेळवत ठेवतो. तापमान वाढताच तो आधी पंख्याचा वेग वाढवतो, मग प्रवाहावर मर्यादा आणतो आणि इंजिनाकडून अधिक काम घेतो. भर दुपारी इंजिन वारंवार सुरू होत असेल, तर तो बिघाडच असेल असे नाही. पुष्कळदा ती बॅटरी वाचवण्याची तजवीज असते.

बॅटरीला मिळते प्रवाशांचीच हवा

टोयोटा पद्धतीच्या अनेक हायब्रिडमध्ये बॅटरीला गार करण्यासाठी प्रवाशांच्या कक्षातीलच हवा ओढली जाते. त्यासाठीची जाळी मॉडेलनुसार मागच्या आसनाच्या खाली किंवा बाजूला असते. एसीने कक्ष गार झाला, की बॅटरीलाही गारवा मिळतो. कक्ष तापलेला असेल, तर पंखा कितीही जोरात फिरला तरी तो गरम हवाच आत ढकलणार.

हवामान खाते जाहीर करते ते ४३ अंश तापमान सावलीतील हवेचे असते. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी, प्रसंगी त्याहूनही अधिक वाढू शकते. लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर दुपारभर उभी असलेली गाडी म्हणजे बॅटरीच्या दृष्टीने ६० अंशांची खोलीच. अशा गाडीत बसून लगेच वेग घेणे म्हणजे तापलेल्या बॅटरीवर आणखी ताण टाकणे होय.

जाळीपुढे पिशव्या, उशा, चादरी ठेवल्यास हवेची वाट बंद होते. उन्हाळ्यातील धूळ आणि आसनांचे तंतू जाळीमागील गाळणीत साचतात. हवा कमी पडू लागली, की बॅटरीचे शीतकरण तपासण्याची सूचना पडद्यावर येते. ती टाळणे महागात पडू शकते.

गिअरबॉक्स साधा, म्हणूनच टिकाऊ

टोयोटाच्या पद्धतीत नेहमीचे पाच-सहा गिअर, क्लच किंवा सीव्हीटीतील पट्टा यांपैकी काहीच नसते. त्याऐवजी सूर्यमालेसारखी रचना असलेला एक दंतचक्रांचा संच असतो. मधल्या सूर्यचक्राला एक विद्युत मोटर, भोवती फिरणाऱ्या ग्रहचक्रांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याकडे दुसरी मोटर व चाके जोडलेली असतात. दंतचक्रे सतत एकमेकांत गुंतलेली असतात. पहिल्या मोटरचा वेग कमी-जास्त केला, की इंजिन आणि चाके यांच्या वेगाचे गुणोत्तर बदलते. घासून झिजणारा भागच नसल्याने साध्या ऑटोमॅटिकमध्ये क्लच किंवा पट्टा तापून निर्माण होणाऱ्या तक्रारी येथे उद्भवत नाहीत. होंडाच्या पद्धतीत बहुतांश वेळ इंजिन जनित्र फिरवते आणि मोटर गाडी ओढते. महामार्गावरील वेगाला एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो.

येथे उष्णता निर्माण होते ती मोटरच्या वेटोळ्यांत आणि इन्व्हर्टरमध्ये. घरातील इन्व्हर्टर बॅटरीच्या विजेवर पंखे चालवतो, तसाच हा बॅटरीच्या विजेवर मोटर चालवतो. फक्त त्याची शक्ती कितीतरी अधिक असते. मोटरची उष्णता गिअरबॉक्समधील तेल शोषून घेते, तर इन्व्हर्टरसाठी बहुधा इंजिनापेक्षा वेगळे कूलंट आणि वेगळा पंप असतो. मोटरमधील निओडायमियमची चुंबके अति उष्णतेने क्षीण होऊ शकतात. म्हणून त्यांत डिस्प्रोशियमसारखे मूलद्रव्य मिसळण्याची पद्धत आहे.

उन्हाळ्यात दुर्लक्ष होऊ नये असा भाग आहे तो इन्व्हर्टरच. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातील सुमारे १९ लाख प्रायस गाड्या परत बोलावल्या होत्या. नियंत्रक सॉफ्टवेअरमुळे इन्व्हर्टरमधील ट्रान्झिस्टर प्रमाणाबाहेर तापू शकतात, हे त्याचे कारण होते. दंतचक्रांचा त्यात काही दोष नव्हता.

छोट्या बॅटरीचा मोठा खोळंबा

हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक नेहमीची बॅटरीही असते. गाडीचे संगणक जागे करण्याचे काम तिचे. उन्हाने ही बॅटरी लवकर उतरते आणि ती उतरली, की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. देगलूर ते नांदेड हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. अशा रस्त्यावर मधेच खोळंबा नको असेल, तर ही तुलनेने स्वस्त बॅटरी उन्हाळ्यापूर्वी तपासून घेणे शहाणपणाचे.

फिनिक्सचा धडा

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहराचा उन्हाळा मराठवाड्याची आठवण करून देणारा आहे; जुलैमधील सरासरी कमाल तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. तेथे अमेरिकी ऊर्जा विभागाच्या कार्यक्रमांतर्गत हायब्रिड गाड्या प्रत्येकी १ लाख ६० हजार मैल, म्हणजे अडीच लाख किलोमीटरहून अधिक चालवून तपासण्यात आल्या. बॅटरीची साठवण क्षमता घटली. इंधनबचतीवर मात्र त्या प्रमाणात परिणाम झाला नाही. बॅटरी थोडी कमजोर झाली तरी इंजिन तिची उणीव भरून काढते, हा हायब्रिडचा फायदा. याच शहरात २०१२ मध्ये निसान लीफ या पूर्ण विजेवरील गाडीच्या मालकांनी बॅटरीची क्षमता झपाट्याने घटल्याची तक्रार केली होती. त्या गाडीत बॅटरीला गार करणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. निसानने पुढे उष्णता अधिक सोसणारी बॅटरी आणली.

मायलेजच्या आकड्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. ग्रँड विटारा हायब्रिडसाठी जाहीर झालेला २७.९७ किलोमीटर प्रतिलिटर हा आकडा प्रयोगशाळेतील आहे आणि अशी चाचणी २० ते ३० अंश तापमानात घेतली जाते. मे महिन्यात स्ट्राँग हायब्रिडचा एसी मोठ्या बॅटरीवर चालतो आणि ती भरण्यासाठी इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होते. त्यामुळे मायलेज घटणे स्वाभाविक आहे.

वाहनधारकांनी काय करावे?

गाडी शक्यतो सावलीत उभी करावी. उन्हात उभ्या गाडीत बसल्यावर काचा उघडून आधी गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावून पहिली काही मिनिटे संथ चालवावे. इंधन वाचवण्यासाठी भर दुपारी एसी बंद ठेवणे ही काटकसर बॅटरीच्या मुळावर येते. शीतकरणाची जाळी मोकळी ठेवावी आणि धुळीच्या भागात गाळणी प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्यावी. इन्व्हर्टरच्या टाकीत कंपनीने सांगितलेलेच कूलंट घालावे, साधे पाणी नव्हे. अतितापाची सूचना दिसल्यास सुरक्षित ठिकाणी थांबून पुस्तिकेतील सूचना पाळाव्यात. नारिंगी वेष्टनाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांना अप्रशिक्षित हात लागू देऊ नये.

टोयोटा, मारुती आणि होंडा यांनी या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी दिली आहे. खरा प्रश्न त्यानंतरचा, म्हणजे गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे जाईल तेव्हाचा आहे. जुनी हायब्रिड घेताना किलोमीटरच्या आकड्याइतकेच ती कोठे उभी राहत होती आणि तिची गाळणी शेवटची कधी साफ झाली, हेही विचारायला हवे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि राज्य सरकार यांच्यात छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना उभारण्यासाठी सामंजस्य करार झाला आहे. मराठवाड्यात अशा गाड्यांची संख्या वाढेल, तसे तालुक्याच्या गावातील मेकॅनिकलाही ही जाळी, गाळणी आणि इन्व्हर्टरचे कूलंट ठाऊक असणे गरजेचे ठरेल.