वर्षाऋतूतील क्लेद आणि चिनी वैद्यकातील ‘शी’

आषाढ-श्रावणात कोल्हापुरात संततधार लागली की मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीतील जुन्या घरांच्या भिंतींना ओल येते. त्याच सुमारास अंग जड होणे, जिभेवर जाड चिकट थर येणे, सांधे आखडणे, मळ चिकट होणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ज्यांच्या घरांत पाणी आणले, त्यांच्या बाबतीत पूर ओसरल्यावरही ओल दीर्घकाळ टिकते.

चिनी वैद्यकात या अवस्थेस ‘शी’, म्हणजे ओल, असे नाव आहे. वारा, थंडी, ग्रीष्माची उष्णता, शुष्कता व अग्नी यांच्यासह ती सहा बाह्य रोगकारणांत मोडते. जड, चिकट व चिवट हे तिचे गुण होत. तिचा प्रतिकार त्यांच्या मते प्लीहेच्या बलावर अवलंबून असतो. मात्र ही ‘प्लीहा’ आपल्या रक्तवह स्रोतसाचे मूळ नव्हे. अन्नपचन व द्रवांचे वहन करणारी ती शक्ती आपल्या अग्नी-ग्रहणीच्या कल्पनेस अधिक जवळची आहे. सुंठ-आले व ज्येष्ठमध ही द्रव्ये उभय परंपरांत समान आहेत.

साम्य येथवरच. आपल्या शास्त्रात वर्षाऋतू हा केवळ क्लेदाचा नव्हे, तर वातप्रकोपाचा व अग्निमांद्याचा काळ आहे. म्हणून ओल काढण्यासाठी सरसकट रूक्षण केल्यास वात वाढतो. उलट साम अवस्थेत तैलाभ्यंग केल्यास आखडलेले सांधे अधिकच सुजतात. आमवातात चक्रदत्ताने सांगितलेला क्रम येथे मार्गदर्शक ठरतो: प्रथम लंघन, वालुकापोट्टलीसारखा रूक्ष स्वेद आणि तिक्त-कटु दीपन द्रव्ये; स्नेहपान व बस्ती त्यानंतर. पथ्यात जुने धान्य, मुगाचे कढण, थोडा मध व उकळलेले पाणी असावे. नदीचे पाणी व दिवसा झोप वर्ज्य करावी.

परकीय द्रव्ये उसनी घेताना सावधगिरी हवी. ‘फांगजी’ हे ओल व सूज काढणारे चिनी द्रव्य आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटविण्याच्या औषधात त्याच्या जागी नामसाधर्म्यामुळे ‘ग्वांग फांगजी’ हे ॲरिस्टोलोकिया प्रजातीचे मूळ वापरले गेले आणि शंभराहून अधिक व्यक्तींना वृक्कविकार जडला. कित्येकांचे वृक्क कायमचे निकामी झाले. आपली ईश्वरी याच प्रजातीची आहे, हे वैद्यबंधूंनी ध्यानी ठेवावे.

तसेच प्रत्येक जडपणा क्लेदाचा नसतो. पायांवरील सूज, दम लागणे वा मूत्र कमी होणे ही लक्षणे असल्यास हृदय, वृक्क व थायरॉइडची तपासणी करावी. पुराच्या पाण्यात वावरलेल्या रुग्णास ज्वर व पोटऱ्यांत तीव्र वेदना असल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. निदान निश्चित झाल्यावरच क्लेदाची चिकित्सा आरंभावी.