उतारावरचे वळण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया राज्य आहे. तेथील सनीव्हेल गावाभोवती एके काळी जर्दाळू आणि चेरीच्या बागा होत्या. आता तेथे संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांत काम करणारी बरीच मराठी कुटुंबेही त्या परिसरात राहतात. या गावाच्या दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, माँटेरे शहराजवळच्या टेकड्यांत, मोटारसायकल शर्यतींचा एक प्रसिद्ध मार्ग आहे. त्याचे नाव लगुना सेका. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ कोरडे तळे. अशाच एका आटलेल्या तळ्याभोवती १९५७ साली हा मार्ग बांधण्यात आला. त्याची लांबी सुमारे ३.६ किलोमीटर आहे आणि त्यावर ११ वळणे आहेत.

मोटारसायकल शर्यतीचे अजिंक्यपद एका दिवसात ठरत नाही. वर्षभर निरनिराळ्या गावी फेऱ्या होतात आणि त्यांतील गुणांची बेरीज केली जाते. पहिल्या स्वाराला २५ गुण, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, असे उतरत उतरत पंधराव्याला एक गुण मिळतो. जो पडला आणि पुन्हा उठून शर्यत पूर्ण करू शकला नाही, त्याच्या पदरी शून्य. म्हणून कसलेला स्वार काही वेळा दुसऱ्या क्रमांकावरही समाधान मानतो.

लगुना सेकाची फेरी गाजते ती आठव्या वळणामुळे. बाटलीचे बूच काढण्याच्या पिळदार हत्याराला इंग्रजीत कॉर्कस्क्रू म्हणतात. तेच नाव या वळणाला पडले आहे. स्वार चढ चढून माथ्यावर येतो, तेव्हा त्याला पुढचा रस्ता दिसतच नाही. तेथे तो डावीकडे वळतो आणि लगेच उजवीकडे. एवढ्यात रस्ता सुमारे १८ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा, खाली गेलेला असतो.

हे अवघड का? सायकलवरून वेगाने वळताना तुम्ही आपोआप आतल्या बाजूला कलता. मोटारसायकलस्वारही कलतो, पण इतका, की त्याचा गुडघा जमिनीला घासतो. त्या वेळी टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. ब्रेक लावायचा आणि वळायचे, ही दोन्ही कामे तेवढ्याच भागाच्या घर्षणावर करायची असतात. माथा ओलांडताना गाडीचा भार क्षणभर हलका होतो, त्यामुळे टायरची पकडही कमी होते. तेथे ब्रेक थोडा जास्त दाबला गेला, तर चाक निसटते.

२००८ साली याच जागी इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसीने ऑस्ट्रेलियाच्या केसी स्टोनरला मागे टाकले. रॉसीची गाडी डांबर सोडून मातीत गेली, तरी त्याने ती सावरून पुन्हा रस्त्यावर आणली आणि शर्यत जिंकली. प्रेक्षकांना तो डाव फार आवडला. खरे पाहता, चाक मातीत थोडे अधिक घसरले असते, तर दोघेही कोसळले असते.

कॉर्कस्क्रू संपले की पुढचे वळण डावीकडे जाते. त्याला वेन रेनी यांचे नाव दिले आहे. रेनी कॅलिफोर्नियाचेच. १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षे त्यांनी ५०० सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९९३ साली इटलीतील मिसानो येथे ते आघाडीवर असताना पडले. पाठीचा कणा मोडला आणि छातीखालचे शरीर कायमचे लुळे झाले. तरीही शर्यतींशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी काही वर्षे एका संघाची धुरा सांभाळली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने २०१५ साली 'मोटोअमेरिका' ही अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिच्या फेऱ्या लगुना सेकालाही होतात. तेव्हा तरुण स्वार रेनी यांच्या नावाच्या वळणावरूनच धावतात.

२०२२ साली इंग्लंडमधील गुडवुड येथे रेनी स्वतः आपल्या १९९२ सालच्या यामाहावर पुन्हा बसले. पाय चालत नसल्याने गाडीचे गिअर हातांनी बदलता येतील, अशी सोय तीत केलेली होती.