न दुखणारी गाठ

दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे बाईचा गुण समजला जातो. सातारा-सांगलीकडच्या शाखांत मी बँकेची नोकरी केली. सोनेतारण कर्जाच्या अर्जावर कारण लिहावे लागे. डाग बाईचे असत. कारण मात्र विहिरीवरच्या मोटारीचे, मुलाच्या फीचे, नणंदेच्या लग्नाचे. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पाटल्या ठेवायला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. स्वतःच्या दुखण्यासाठी आलेली एकही आठवत नाही.

स्तनाच्या कर्करोगाचे नेमके या सवयीने फावते. सुरुवातीला तो बहुधा दुखतच नाही. आंघोळ करताना हाताला गाठ लागते. ताप नाही, ठणका नाही. मूल अंगावर पीत असेल तर 'दुधाची गाठ असेल' म्हणून लेप लावला जातो. जे दुखत नाही त्यासाठी रोजगार बुडवायचा कशाला? हा अडाणीपणा नव्हे, घर चालवणारीचा हिशेब आहे.

वाळवा-तासगावकडच्या शेतकरी घरात वर्षभर काही ना काही चालूच असते. द्राक्षांची छाटणी, दिवाळी, उसाची तोड, मग हळद काढणे आणि शिजवणे. दर वेळी 'एवढे उरकले की जाऊ.' जावळी-पाटणच्या डोंगरात तऱ्हा वेगळी. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीकाम करीत आले. सासऱ्यांपुढे छातीतल्या गाठीचा विषय काढायचा कसा? मग गणपतीला किंवा यात्रेला नवरा येईल, त्याची वाट पाहायची. परळला टाटा हॉस्पिटल 1941 पासून उभे आहे, आणि तो त्याच मुंबईत असतो!

लाज आहे तशी भीतीही आहे. सुई टोचली की रोग पसरतो, स्तन काढूनच टाकतात, बोभाटा झाला तर मुलीला स्थळे येणार नाहीत. खरे तर बऱ्याचशा गाठी कर्करोगाच्या नसतात. असलीच, तर रोग पसरतो तो थांबून राहिल्याने. गाठ लहान असताना गेले तर पुष्कळदा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते.

यावर उपाय काय? बार्शीला 1987 मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांशी बोलू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या. स्तनाच्या कर्करोगाबाबत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, नुसत्या हाताने तपासणी करीत. 2021 मध्ये निष्कर्ष आले. रोग लवकर सापडू लागला होता आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत त्याने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले होते. त्याहून तरुण बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. मिरज-कऱ्हाडला उपचार मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा समावेश आहे. डॉक्टरकडे पहिल्यांदा गेल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हे दिवस मोजायचे ते ती दवाखान्याची पायरी चढल्यावर. त्याआधीचे महिने घरातच जातात.

म्हणून हे लिहिणे घरातल्या पुरुषांसाठीही आहे. गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त. यांपैकी काही आहे का, हे बायकोला, आईला, वहिनीला कुणीतरी विचारायला हवे. नवऱ्याने विचारावे, लेकीसुनांनी विचारावे, आणि 'आहे' म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर एस.टी.त बसावे. हळद चार दिवस थांबू शकते. 'मला दवाखान्यात न्या' असे ती आपणहून म्हणेल, याची वाट पाहू नये.