एका अणूचे घड्याळ

रमजानच्या महिन्यात तुमच्या घरी भिंतीवर सहरी आणि इफ्तारचे वेळापत्रक लावलेले असते. त्यात एकेका मिनिटाचा हिशेब असतो. इफ्तारला दोन मिनिटे उरली की सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे लागतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "हे घड्याळ पुढे आहे!" मग दुसरे घड्याळ पाहिले जाते, आणि ते पहिल्याशी जुळत नाही. आता खरे कोणते मानायचे?

हा प्रश्न फार जुना आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर नावाचे खगोलशास्त्रज्ञ नमाजच्या वेळा ठरविण्याचे काम करीत असत. त्यासाठी त्यांनी सूर्याच्या सावलीवर चालणारे घड्याळ बनविले होते. पुढे १६५६ साली हॉलंडमध्ये ह्यूजेन्स यांनी लंबकाचे घड्याळ तयार केले. आज आपल्या मनगटी घड्याळात क्वार्ट्झचा एक लहानसा तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो.

कोणत्याही घड्याळात दोन गोष्टी लागतात. पुन्हा पुन्हा सारख्या वेळाने होणारी एक हालचाल, आणि ती हालचाल मोजण्याची सोय. अडचण पहिल्या गोष्टीत आहे. उन्हाळ्यात लंबकाची दांडी किंचित लांबते आणि घड्याळ मागे पडते. क्वार्ट्झचा तुकडाही जुना होत जातो. शिवाय माणसाने बनविलेले दोन लंबक कधीच अगदी एकसारखे नसतात.

अणूंचे तसे नाही. उर्दूत आपण ज्याला जर्रा म्हणतो, त्याहूनही कितीतरी सूक्ष्म असा हा कण. एकाच प्रकारचे दोन अणू घ्या, एक मालेगावचा आणि एक पॅरिसचा. त्यांच्यात काडीचाही फरक सापडणार नाही. अणू झिजत नाही, म्हातारा होत नाही. अणूतील इलेक्ट्रॉन शिडीच्या पायऱ्यांसारख्या ठराविक पातळ्यांवरच राहू शकतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. त्याला वरच्या पायरीवर न्यायचे असेल, तर अगदी नेमक्या कंपनाची लहर त्याच्यावर सोडावी लागते. कंपन थोडे जरी कमीजास्त झाले, तरी तो जागचा हलत नाही. म्हणून १९६७ साली जगातील देशांनी सेकंदाची नवी व्याख्या स्वीकारली. सिझियमच्या अणूला लागणाऱ्या लहरीची ९,१९,२६,३१,७७० कंपने पूर्ण होण्यास जितका वेळ लागतो, तितका एक सेकंद. ही व्याख्या आजही चालू आहे.

तरीही शास्त्रज्ञांचे समाधान झाले नाही. सिझियमच्या घड्याळात अणूंचा घोळका असतो. ते धावतात, एकमेकांना धक्के देतात, आणि त्यामुळे उत्तरात थोडी गडबड होते. मग एकच अणू घेऊन त्याला एका जागी स्थिर धरता आले तर? अमेरिकेतील हान्स डेमेल्ट यांनी हाच ध्यास घेतला.

पण अणूला धरणार कसे? चिमटा नव्हे, बोटे नव्हेत, काचेची कुपीसुद्धा चालणार नाही, कारण ती स्वतःच अब्जावधी अणूंची बनलेली असते. यावर उपाय असा. अणूतील एक इलेक्ट्रॉन काढून टाकला की अणूवर विद्युतभार येतो. अशा अणूला आयन म्हणतात. आयनाला विजेच्या बलाने ढकलता येते. येथे आणखी एक अडचण येते. विजेचे स्थिर बल आयनाला एका दिशेने आत ढकलते, तर दुसऱ्या दिशेने त्याला बाहेर निसटू देते. घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवून पाहा. पुढे-मागे ती मध्याकडे परत येते, पण डावी-उजवीकडे घरंगळून पडते. आता तेच खोगीर योग्य वेगाने गरागरा फिरविले तर? गोटी पडायला निघते, तोच उंच बाजू तिच्यासमोर येते. जर्मनीतील वोल्फगांग पाउल यांनी विजेच्या बलाची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट करून आयनासाठी असाच सापळा बनविला. १९८९ साली पाउल आणि डेमेल्ट यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सापळ्यात सापडलेला आयनही थरथरत असतोच. त्याला शांत करण्यासाठी लेसरचा प्रकाश वापरतात. प्रकाशाने वस्तू तापते हे आपण रोज पाहतो, येथे मात्र प्रकाशाने आयन थंड होतो! लेसरचे कंपन मुद्दाम थोडे कमी ठेवलेले असते. आयन लेसरच्या दिशेने येऊ लागला की, समोरून येणाऱ्या गाडीची शिटी जशी आपल्याला चढ्या स्वरात ऐकू येते, तसे त्याला ते कंपन वाढलेले भासते आणि नेमके जुळते. मग प्रकाश त्याला उलट धक्का देतो. असे हजारो धक्के खाऊन आयन जवळजवळ स्थिर होतो. १९७८ साली हे प्रथम करून दाखविण्यात आले.

असा एकटा आयन दिसतो कसा? ऑक्सफर्ड येथील डेव्हिड नॅडलिंगर यांनी साध्या कॅमेऱ्याने स्ट्रॉन्शियमच्या एका आयनाचे छायाचित्र काढले. २०१८ साली त्याला इंग्लंडमधील विज्ञान-छायाचित्रांच्या एका स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. त्यात धातूची दोन टोके समोरासमोर दिसतात. त्यांच्यामध्ये सुमारे २ मिलिमीटर अंतर आहे. त्या जागेत मधोमध एक फिकट जांभळा ठिपका आहे. तोच तो आयन. एकटा अणू डोळ्यांना दिसत नाही, असे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितले आहे. आता ते वाक्य जरा जपून बोलावे लागते.

तुम्ही विचाराल, तो ठिपका एकाच आयनाचा कशावरून? प्रकाशाचेही कण असतात, त्यांना फोटॉन म्हणतात. आयनाने एक फोटॉन बाहेर टाकला की इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर येतो. तो पुन्हा वर जाईपर्यंत दुसरा फोटॉन निघूच शकत नाही. म्हणून एकट्या आयनाचा प्रकाश एकेक कण करून येतो, दोन कण कधी जोडीने येत नाहीत. दोन आयन असते, तर कधीतरी दोन कण एकदम आलेच असते. असे सुटे फोटॉन आज गुप्त संदेश पाठविण्याच्या प्रयोगांतही वापरले जातात. वाटेत कोणी तो एकमेव कण चोरला किंवा तपासला, तर ते लपून राहत नाही.

आता घड्याळाकडे परत येऊ. या घड्याळात लंबकाचे काम लेसरचा प्रकाश करतो, आणि आयन त्याच्यावर नजर ठेवतो. लेसरचे कंपन नेमके असेल तर आयन वरच्या पायरीवर जातो, चुकले तर जात नाही. त्यावरून लेसर पुन्हा पुन्हा सुधारला जातो. ॲल्युमिनियमच्या आयनाला लागणाऱ्या प्रकाशाची कंपने सेकंदाला किती? १ या अंकावर १५ शून्ये द्या, त्याहूनही थोडी जास्त. सिझियमच्या सुमारे १ लाख २० हजार पट! फक्त सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीपेक्षा मिलिमीटरच्या खुणांची पट्टी जास्त बारीक मोजते, तसेच हे. इतकी जलद कंपने मोजण्याची युक्ती हॉल आणि हेन्श यांनी काढली. त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मात्र ॲल्युमिनियमचा आयन मोठा अबोल आहे. त्याला थंड करण्यासाठी आणि त्याचे उत्तर वाचण्यासाठी लागेल असा सोयीचा लेसरच नाही. अमेरिकेत बोल्डर येथे डेव्हिड वाइनलँड यांच्या प्रयोगशाळेत यावर छान तोड निघाली. ॲल्युमिनियमच्या शेजारी दुसऱ्या मूलद्रव्याचा एक आयन ठेवण्यात आला. प्रथम बेरिलियमचा, नंतर मॅग्नेशियमचा. दोघे एकाच सापळ्यात असल्यामुळे एकाची हालचाल दुसऱ्याला कळते. मॅग्नेशियम स्वतः थंड होतो, शेजाऱ्यालाही थंड ठेवतो आणि त्याचे उत्तर आपल्याला सांगतो. थोडक्यात, तो दुभाषी आहे. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणाऱ्या तुम्हां मुलांना दुभाष्याची किंमत वेगळी सांगायला नको.

२०१० साली या घड्याळाची अचूकता अशी होती, की सुमारे ३७० कोटी वर्षांत एका सेकंदाची चूक व्हावी. २०२५ साली त्याची सुधारलेली आवृत्ती जाहीर झाली, ती याहूनही कितीतरी पट अचूक आहे. यात एक उणीव आहे. आयन एकच असल्यामुळे उत्तर क्षीण येते, आणि पुष्कळ वेळा विचारून सरासरी काढावी लागते. पूर्वी त्यासाठी तीन आठवडे लागत, आता दीड दिवस पुरतो.

एवढ्या अचूकतेचे करायचे काय, असे तुम्हांला वाटेल. २०१० साली बोल्डरमध्येच अशी दोन घड्याळे घेऊन त्यांपैकी एक ३३ सेंटिमीटर उंच करण्यात आले. म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्यांइतके. उंच केलेले घड्याळ जलद चालू लागले! ते बिघडले नव्हते. पृथ्वीपासून जितके उंच जावे, तितका काळच जलद चालतो, हे आइनस्टाइन यांनी फार पूर्वी सांगून ठेवले होते. फरक अगदी थोडा आहे. एका सेकंदाचे एक अब्ज भाग केले, तर ८० वर्षांत त्यांपैकी सुमारे ९० भाग. पण तो मोजता आला. उलट, दोन घड्याळांतील फरकावरून आता जमिनीची उंचीही काढता येते.

पुण्यातील आयुका या संस्थेनेही इटर्बियमच्या एका आयनावर चालणारे असेच घड्याळ बनविण्याचे काम हाती घेतले आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. असे एक घड्याळ तेथे ठेवले आणि दुसरे मुंबईच्या किनाऱ्यावर, तर वर्षभरात पुण्याचे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या सुमारे दुप्पट पुढे जाईल. आणि त्या वेळी कोणी म्हणाले, "हे घड्याळ पुढे आहे," तर त्याला सांगावे लागेल, की होय, पुढे आहे, पण दोन्ही घड्याळे बरोबर आहेत.